नत्थुजींच्या क्लासातलं अवतरणचिन्ह

अमरावतीच्या नत्थुजींनी तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. मशिनी सहा, त्यातली एक कायम रुसलेली. पोरांना ते पाठीला पाठ लावून बसवत. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं टाइप करायचं. वाचणाऱ्यानं स्वल्पविराम गिळला, की अख्खं पान पुन्हा टाइप करायचं, आणि तेही वाचणाऱ्यानंच.

"जे दिसते ते समदं बोल ना बे!" नत्थुजी ओरडत. "चिन्हं पोटात काहून ठेवून राह्यला?"

चांदूर रेल्वेहून पॅसेंजरनं येणाऱ्या सरफराजनं अशी पानं इतकी बडवली, की टायपिंग त्याला शिक्षा म्हणूनच आलं. पुढं क्लास बंद पडला आणि सरफराज अकोल्यात प्रोग्राम लिहू लागला.

२०१७ साल. फवारणीचं विष अंगावर उडून माणसं दवाखान्यात भरती होत होती. सरफराजचा प्रोग्राम वाऱ्याचा अंदाज पाहून गावोगाव मेसेज पाठवायचा: उद्या फवारू नका. मेळघाटातल्या धारणीहून चाळीस गावांना हे मेसेज पाठवणारं केंद्र चारुता सांभाळायची. तिथं इंटरनेट नावापुरतं, म्हणून प्रोग्रामला लागणारा नवा भाग पेनड्राइव्हवर, एसटीनं गेला. आता त्या भागाचं नाव सेटिंगच्या फाइलीत घालायचं, एवढंच. सरफराजनं फोनवर सांगितलं: ॲट द रेट, पीक, तिरपी रेघ, संदेश.

प्रोग्राम त्याच ओळीवर अडला. पुन्हा सांगितलं, पुन्हा अडला. पाच वाजले.

"सरफराजभाऊ, उद्या वारं सुटनार हाये. माह्या बाबाले मी घरी सांगीन, पन चाळीस गावाले कोन सांगन?"

सरफराजनं समोरची ओळ पाहिली आणि कपाळावर हात मारला. ॲटच्या चिन्हानं सुरू होणारं नाव त्या फाइलीला उघडं चालत नाही. दोन्ही बाजूंनी अवतरणचिन्हं लागतात. त्याच्या पडद्यावर ती होती. त्यानं ती गिळली होती.

तो उठला, खुर्ची फिरवली, भिंतीकडे पाठ करून बसला आणि नत्थुजींच्या सुरात म्हणाला, "लिही. अवतरण सुरू. ॲट द रेट. पीक. तिरपी रेघ. संदेश. अवतरण बंद."

"चाललं! गेले भाऊ, समदे मेसेज गेले!"

सरफराजनं लगेच अमरावतीला फोन लावला. सगळं सांगून म्हणाला, "सर, तुमी तवा तेवढी पानं बडवून घेतली नसती, तं आज चाळीस गावं माह्यामुळं फसली असती."

पलीकडं नत्थुजी खाकरून म्हणाले, "दोनदा गिळलं म्हंतो ना? मंग दोन पानं झाली. रविवारी ये. मशीन पुसून ठेवतो."

रविवारी सरफराज खरंच गेला. दोन पानं टाइप केली, रुसलेल्या मशिनीवर.