मावशीच्या पदराची गाठ

काल कुंडीत पाणी घातलं आणि ओल्या मातीच्या वासासरशी आमच्या मेसमधली मावशी आठवली. भूकंपात घर गेल्यावर ती लातूरला आली होती आणि क्लासच्या पोरांसाठी आई चालवायची त्या मेसमध्ये भाकऱ्या थापायची. पडलेल्या घराच्या पांढऱ्या मातीचं ढेकूळ तिच्या पदराला बांधलेलं असायचं. थापता थापता ती त्याचा तुकडा मोडून तोंडात टाकायची. "खाऊ दे, घर आठवतंय तिला," आई म्हणायची, आणि आम्ही सगळे हळवे व्हायचो. मी तेव्हा नांदेडला डॉक्टरकी शिकत होते. सुट्टीत घरी आले की चुलीजवळ बसून रक्तक्षयाचे प्रकार घोकायचे. लोह कमी पडलं की माती खावीशी वाटते, नखं चमच्यासारखी खोलगट होतात, असं एकदा मोठ्यानं वाचत होते, तेवढ्यात तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मला तिची नखं दिसली. खालची पापणी ओढून पाहिली. आत कागदासारखं पांढरं. मला माझीच लाज वाटली. रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दिवाळीला गेले तर मावशीच्या चेहऱ्यावर रंग आला होता, पण पदराची गाठ तशीच होती. "मावशी, अजून माती खातीस का?" मी विचारलं. "न्हाई गं बाय, आता खावीशीच वाटत न्हाई," ती गाठ चाचपत म्हणाली, "पण ऱ्हाऊ दे, घर हाय माझं." आता मी विद्यार्थ्यांना रक्तक्षय शिकवते. पापणी बघा, नखं बघा, असं सांगते. आणि पदराला काय बांधलंय तेही विचारा, म्हणते.