पडद्यावरची माझी पाठ

माझं वजन मी खरं लिहायला लावलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

गुडघ्याच्या डॉक्टरांनी चालणं कमी करा आणि सायकल चालवा, असं सांगितलं होतं. ते ऐकून पुण्याला नोकरी करणारी माझी मुलगी एका रविवारी सायकल जागेवर धरून ठेवणारा लोखंडी ट्रेनर घेऊन कोपरगावला आली. तिची कॉलेजातली गिअरची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली होती. मागचं चाक काढून तिनं ती ट्रेनरवर घट्ट बसवली, समोर स्टुलावर टॅब ठेवला आणि म्हणाली, "आई, बस. ही कुठं पडत नाही." मला सायकल येत नाही हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. ही सायकल मात्र यावीच लागत नव्हती. बसायचं आणि पाय मारायचे.

मग तिनं ॲप उघडलं. त्यात आधी आपल्यासारखी एक बाई तयार करायची असते. मुलीनं भराभरा बोटं फिरवून एक गोरी, सडपातळ, काळ्याभोर केसांची मुलगी उभी केली.

"ही कोण?" मी विचारलं.

"तू."

"माझ्या सात पिढ्यांत अशी कोणी झाली नाही. सावळी कर. केस पिकव. आणि जरा भर अंगानं."

केस पिकले. अंबाडा मात्र त्या ॲपवाल्यांकडे नव्हता, तेव्हा पाठीवरच्या केसांच्या शेपटीवर भागवलं. जर्सीचा रंग निळा घेतला. आमच्या घरात त्यावर वेगळी चर्चा होत नाही. शेवटी वजनाचा रकाना आला. मुलगी म्हणाली, "थोडं कमी टाकू का? चढ सोपा जातो. सगळे तसंच करतात." शिवाय चढाचा ताण अर्धा करून घेण्याचीही सोय होती. म्हणजे डोंगर पडद्यावर पूर्ण आणि पायांना अर्धा.

मला संताप आला. मी गणिताची शिक्षिका आहे. रीत अर्धी लिहून पूर्ण मार्क मागणाऱ्या मुलांना मी आयुष्यभर वर्गाबाहेर उभं करत आले. "वजन खरं टाक," म्हटलं, "आणि चढ पूर्ण ठेव." पहिल्या दिवशी कुठल्याशा परदेशी घाटात माझा जीव मेटाकुटीला आला, पण मी आकडा बदलला नाही. दोन-तीन महिन्यांत पाय असे तयार झाले की शाळेचा जिना मी तरुण शिक्षिकांच्या आधी चढू लागले आणि वर उभी राहून त्यांची चेष्टा करू लागले.

या ॲपमधले रस्ते चित्रातले नसतात, खरोखरच्या रस्त्यांचं चित्रीकरण असतं आणि त्यावर आपली ती बाई सायकल चालवत असते. आपण तिच्या मागे असतो. सतत तिची पाठ दिसते. मुलगी म्हणाली, कॅमेरा बदलता येतो, मग पाठ दिसत नाही, नुसता रस्ता दिसतो. मी म्हटलं, राहू दे. मला ती पाठ बघायला आवडत होतं.

पाठी बघण्याची मला सवयच होती. माझं माहेरचं गाव शिर्डीच्या रस्त्यावर. लहानपणीची शाळा कोपरगावात. घरात सायकल एक आणि ती दादाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. मी कॅरियरवर. मला सायकल शिकू नको असं कोणी कधी म्हटलं नाही, आणि शिक असंही म्हटलं नाही. कॅरियरवर जागा होती, मी बसले. वर्षानुवर्षं त्या रस्त्यानं गेले, पण मला आठवतो तो दादाचा शर्ट, त्याच्या पाठीवरचा घामाचा डाग आणि दोन्ही बाजूंनी मागे पळणारा ऊस. समोरचा रस्ता मी पाहिलेलाच नाही. याचा मला तेव्हा राग येत होता आणि खरं सांगायचं तर अजूनही येतो. दादावर नाही. तो बिचारा वाऱ्यात दोघांचं वजन ओढत होता. पण एकदा तरी कोणीतरी मला पुढे बसवायला हवं होतं.

म्हणूनच ॲपमध्ये आपला रस्ताही घालता येतो हे कळल्यावर मी दुसरा कुठला रस्ता मनात आणलाच नाही. माझे यजमान साखर कारखान्यात वजनकाट्यावर आहेत. एका रविवारी त्यांनी छातीला फोन बांधला आणि मोटारसायकलवरून कोपरगाव ते शिर्डी असं सगळं चित्रीकरण केलं. मुलीनं पुण्यात बसून ते ॲपमध्ये चढवलं. आणि एका संध्याकाळी आमच्या पडवीत, पंख्यासमोर, मी माझ्या गावच्या फाट्यावरून गेले. पुढे निळी जर्सी, पाठीवर पांढरी शेपटी. पाठ होती, पण माझीच होती.

ॲपवरून ओळख होऊन जिल्ह्यातल्या सायकलवाल्यांचा आमचा एक ग्रुप झाला होता, त्याला तो रस्ता फार आवडला. त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, हॉटेलवाले होते, आणि कोपरगावचेच एक वकीलसाहेब होते. शनिवारी संध्याकाळी सगळे आपापल्या घरात बसून माझ्या रस्त्यावर सायकल चालवायचे. त्या चित्रीकरणात एका ठिकाणी उसानं भरलेला ट्रॅक्टर शेतातून आडवा येतो. ॲपची गंमत अशी की आपण पाय थांबवले की चित्र थांबतं, म्हणजे ट्रॅक्टरही थांबतो. मी दमले की तिथंच थांबायचे. ट्रॅक्टरवाला माझी वाट बघत उभा. एवढा मान मला रस्त्यावर कोणी दिला नव्हता.

वकीलसाहेब दर शनिवारी पहिले यायचे. मी त्यांना कोर्टाच्या बाहेर कितीदा पाहिलेलं. चांगला भरदार माणूस. आणि ॲपमध्ये त्यांचं वजन एखाद्या दहावीतल्या पोराचं! मी ग्रुपवर सरळ लिहिलं, "वकीलसाहेब, तुमचं अर्धं वजन घरीच राहतंय. तेही घेऊन या."

ग्रुपवर हशा पिकला. वकीलसाहेब चिडले. त्यांनी लिहिलं, "मॅडम, मग खऱ्या रस्त्यावरच जाऊ. उसाचा हंगाम सुरू झाला की पहिल्या थंडीत. तिथं सगळ्यांचं वजन खरं असतं."

माझं बोट तिथंच थांबलं. वजन खरं, चढ खरा, केस खरे, रस्ता खरा, आणि सायकलीचा तोल? तो तर ट्रेनर सांभाळत होता. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही. शिवाय मी गेले नाही, तर माझं खरं वजनही खोटं ठरणार होतं. मग इतके दिवस लोकांना सुनावलेलं सगळं तोंडाची वाफ. मी लिहिलं, "येईन. मला सायकल येत नाही. शिकून येते."

यावर सगळ्यांनी हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे पाठवले. एका डॉक्टरबाईंनी तर लिहिलं, "मॅडम, तुमचा विनोद भारी असतो." जन्मभर खरं बोलल्याचा हा परिणाम.

शिकायला जागा मात्र राजेशाही मिळाली. कारखान्यात उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते मैदान हंगाम नसताना रिकामं असतं. सपाट, भलंमोठं, आणि बघायला कोणी नाही. यजमानांनी सायकल ट्रेनरवरून काढून तिला मागचं चाक परत बसवलं आणि रखवालदाराला सांगून ठेवलं. पाऊस उघडला की सकाळी आम्ही दोघं तिथं.

सिनेमात दाखवतात तसं, मागून धरणाऱ्यानं हात सोडला आणि मला कळलंच नाही, असं काही झालं नाही. मला लगेच कळलं. मी ओरडले आणि पडले. माझी अडचण वेगळीच होती. पायांत भलतीच ताकद. पॅडलवर पाय पडला की सायकल बाणासारखी सुटायची आणि तोल सांभाळायचा कसा हे काही मला ठाऊक नव्हतं. ब्रेक म्हणून काही असतं हे तर डोक्यातच नव्हतं. ॲपमध्ये पाय थांबवले की झालं. आणि डोळे खाली, हँडलच्या मधोमध, जिथं टॅब असतो तिथं.

"अगं, म्होरं बघ की!" यजमान मागून धावत ओरडायचे. "खाली काय बघती? तिथं काय हाय?"

"सवय झालीय हो!"

"मोड मग सवय! आन् ब्रेक दाब, ब्रेक! कुंपन आलं!"

कुंपण बऱ्याचदा आलं. दोन्ही कोपरं सोलली. शाळेत मुलींनी विचारलं तर सांगून टाकलं की सायकल शिकतेय, आणि त्यावर दिवसभर वर्गात शांतता मिळाली.

शेवटी मुलीनं फोनवरून तोडगा सांगितला. पॅडल काढून टाका, सीट खाली घ्या आणि जमिनीवर पाय मारत पुढे जा. मला तो अपमान वाटला. मला येणारी एकच गोष्ट होती, तीच काढून घेतली. पण पायांची ताकद बाजूला झाली तेव्हाच कुठे अंगाला समजलं की सायकल कुठे झुकते आणि आपण कुठे झुकायचं. आठवडाभर मी पाय फरफटवत त्या मैदानावर फिरले. मग पाय उचलून धरता यायला लागले. मग यजमानांनी पॅडल परत लावले, आणि मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले, ब्रेक दाबला, उतरले आणि त्यांच्याकडे वळून पाहिलं. ते लांब उभे होते आणि टोपी काढून कपाळ पुसत होते.

एक गोष्ट मात्र जमली नाही. थांबल्यावर पुन्हा निघणं. मागून कोणी सीट धरली तर मी निघायचे, एकटीला दहा वेळा झोकांड्या खाव्या लागायच्या. यजमान म्हणाले, "मंग थांबूच नको."

थंडी पडली, कारखान्याचा भोंगा सुरू झाला आणि ठरल्याप्रमाणे आम्ही दहा-बारा जण एका रविवारी सकाळी निघालो. यजमानांनी गर्दीत कोणाच्या लक्षात येणार नाही अशी सीट धरली आणि मला सोडून दिलं. मी सगळ्यात मागे. पुढे वकीलसाहेबांची भरदार पाठ. पुन्हा कोणाची तरी पाठ, मला हसू आलं. पण वारा अंगावर येत होता, पडवीतल्या पंख्याचा नाही, उसाच्या वासाचा. मी पडत नव्हते. मला फार आनंद होत होता आणि तो लपवायची इच्छा नव्हती, म्हणून मी मोठ्यानं वकीलसाहेबांना म्हटलं, "चला, चला, आज वजन सगळं आणलंय वाटतं!"

मग तो ट्रॅक्टर आला. चित्रीकरणातला नव्हे, पण अगदी तसाच. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत, मोठ्यानं गाणी लावून शेतातल्या वाटेनं रस्त्यावर चढत होता. वकीलसाहेब पुढे निघून गेले. आणि माझे पाय थांबले. पाय थांबवले की ट्रॅक्टर थांबतो, हे पायांना पाठ होतं. हा थांबला नाही. ब्रेक! मी दोन्ही हातांनी ब्रेक आवळला, पाय टेकला आणि ट्रॉलीतून लोंबणारी वाढी, उसाच्या शेंड्यांची हिरवी पानं, माझ्या नाकासमोरून सळसळत गेली. ट्रॅक्टरवाला ओरडला, "ओ बाई, दिसंना का!" बरोबरच होतं त्याचं.

मी उभी होते, पण आता निघणार कशी? बाकीचे वळणापलीकडे गेलेले. वकीलसाहेब मात्र मागे वळून आले.

"लागलं का मॅडम?"

"नाही. पण मला पुन्हा सुरुवात करता येत नाही."

ते बघतच राहिले. "म्हणजे तुम्हाला खरंच...?"

"लिहिलं होतं की ग्रुपवर."

माणूस चांगला. हसले नाहीत. स्वतःची सायकल त्यांनी कडेला आडवी टाकली. "धरू का सीट?"

"धरा. पण सोडताना सांगा."

त्यांनी धरली, थोडं धावले, धापा टाकत "सोडतोय!" म्हणाले आणि सोडली. मी निघाले. ते त्यांच्या सायकलीकडे परत चालत गेले असणार, मला वळून बघता येत नव्हतं. बाकीचे केव्हाच दिसेनासे झाले होते. आणि मग मी मान वर केली.

पुढे कोणीच नव्हतं. दादाचा शर्ट नाही, वकीलसाहेब नाहीत, निळी जर्सीही नाही, कारण ती माझ्या अंगावर होती. डांबरी रस्ता सरळ माझ्याकडे येत होता. माझ्या गावचा फाटा आला. तो आधी लांबून दिसतो, मग हळूहळू मोठा होतो, हे मला माहीतच नव्हतं. कॅरियरवरून तो एकदम बाजूला दिसायचा आणि पडद्यावर त्या निळ्या पाठीआड असायचा. माझे डोळे भरून आले, आणि पुसायला एक हात सोडावा लागतो, तो मला अजून सोडता येत नव्हता. तशीच गेले.

शिर्डीच्या वेशीपाशी चहाच्या टपरीवर बाकीचे थांबले होते. वकीलसाहेब मागून आले, धापा टाकत बाकड्यावर बसले, फोन काढला आणि माझ्यासमोर आपलं वजन बदललं. खरं किती, ते मी इथं लिहीत नाही. तो त्यांचा विषय.

दादाचं फुलांचं दुकान शिर्डीतच आहे. मी येणार हे त्याला कळवलं होतं, कशी येणार ते सांगितलं नव्हतं. हार अर्धा ओवून ठेवून तो टपरीपर्यंत आला. आमच्या सायकली भिंतीला टेकवलेल्या होत्या. त्यानं त्या सगळ्या पाहिल्या, माझी जर्सी पाहिली आणि सहज विचारलं, "कुनाच्या मागं बसून आलीस?"

"कोणाच्याच नाही, दादा. ही माझी."

त्यानं सायकलीला हात लावला. हँडल, सीट, मागचं चाक, सगळं बघितलं. मग हसून म्हणाला, "मंग जाताना मला घे की मागं. लई ओढलंय तुला."

"घेतलं असतं," म्हटलं. "पण हिला कॅरियर नाही."