सोडलेली विद्या

आजचा दिवस मुठीत धरून फिरणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचा. त्याचा मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला, तेव्हा त्याच्या खोलीत राहिलेला कागद-पेन्सिल-फाशांचा खेळ या गृहस्थाने ताब्यात घेतला आणि रविवारी दुपारी प्लांटमधल्या आम्हा पन्नाशीच्या माणसांना टेबलाभोवती बसवलं. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं. मी तलवारवाला, तो जादूगार. जादूगाराला आठ विद्यांपैकी एकीत पारंगत व्हायचं तर दोन सोडाव्या लागतात. त्याने भविष्यविद्या घेतली. खोटं खरं भासवणारी मायाविद्या आणि मेलेल्यांशी व्यवहार करणारी मृतविद्या सोडली.

"सोडलेल्या विद्येचा मंत्र मारताच येत नाही काय?" मी विचारलं.

"येते ना भाऊ. पन खर्च दुप्पट लागते."

खेळ आवरला तरी हा जादूगारच राहायचा. प्रेतयात्रेत चौकापर्यंत यायचा आणि थांबायचा, "पुढचं आपल्या विद्येत नाही." खोटं तर त्याच्याने बोलवतच नसे. समोरच्यांच्या मुलीला पाहायला आलेल्या मंडळींनी मुलीच्या हातच्या चिवड्याचं कौतुक केलं, तर हा म्हणाला, "पावर हाउसच्या बाजारातून आनला. मीच संगं होतो ना!"

अंगावर काटा यायचा तो त्याच्या सकाळच्या फाशांनी. भविष्यविद्येचा जादूगार रोज सकाळी वीस बाजूंचे दोन फासे टाकतो आणि ते आकडे दिवसभर जपतो. हवा तेव्हा एखादा कुणाच्याही नावे लावतो. मोठा चांगला, लहान वाईट. हा ते आकडे कुंपणावरून वाटायचा. "आज अठरा निघाला, कोनाले पायजे?" एकदा वरच्या मजल्यावरच्या शर्मांनी चेष्टेने मागून घेतला, आणि कितीतरी दिवस रुसलेली त्यांची स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. शर्मा हसले, पण त्यानंतर ते याच्या कुंपणापासून जरा लांबूनच जाऊ लागले.

वाईट आकडा मात्र त्याने कधी कुणाला दिला नाही. "तो माह्यापाशीच राह्यते," म्हणायचा. त्या दिवशी याचं दूध नासे, हा पायरीवरून घसरे, आणि आम्ही पोट धरून हसायचो.

बायकोच्या हृदयाचं ऑपरेशन होतं त्या सकाळी मी हसलो नाही. कुंपणाशी जाऊन हात पुढे केला. "मले पायजे."

त्याने एक फासा माझ्या तळहातावर ठेवला, वीसचा आकडा वर करून. दुसरी मूठ मिटलेलीच.

"त्यात किती आहे?"

तो थांबला. उत्तर द्यायला थांबणारा माणूस नव्हता तो. "सतरा," माझ्याकडे न पाहता म्हणाला. "जाय आता, वहिनी वाट पाहून राहिली."

मूठ उघड, एवढं म्हणायला वेळ लागला नसता. पण मला सतराच हवा होता.

बायको वाचली. तो त्याच दुपारी व्हरांड्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. त्याला नेताना आम्ही चौकात आलो, तेव्हा सवयीने माझी पावलं थबकली. तो पुढे गेला. जन्मात खोटं एकच बोलला. खर्च दुप्पट लागतो, हे त्यानेच सांगितलं होतं.

तो फासा आमच्या खिडकीत आहे. बायको धूळ पुसते आणि वीसचा आकडा वर करून परत ठेवते. कधीतरी विचारते, "भाऊजींजवळ तेव्हा किती उरला होता हो?"

मी थांबतो. "सतरा," म्हणतो, आणि खिडकीबाहेर पाहतो.