सुतळीची गाठ

सांगलीत पत्र्याचे डबे करणाऱ्याकडे मी झाकणासाठी ताटकळत होतो. माझ्याआधी एक बाई ज्वारीचा डबा करून घेत होती. पत्रा एकच होता.

डबेवाला म्हणाला, “आक्का, जेवढा रुंद तेवढाच उंच करूया. एवढ्या पत्र्यात सगळ्यात जास्त मावंल.”

तिनं कमरेला खोचलेली सुतळी काढून गाठ दाखवली. “ह्याच्यापरीस खोल नको.”

“मग कमी मावंल की!”

“मावू दे. सासूला दिसत न्हाई. ही तिच्या हाताची लांबी हाय. दाण्याला हात पोचला न्हाई की ज्वारी संपली समजून ती अर्धपोटी उठती.”

डबा चांगलाच बसका झाला. बाईनं डोळे मिटून हात आत सोडला. तळाला बोटं टेकल्यावरच तिनं डोळे उघडले.