आप्पा, बाप्पा आणि बुटकी लाल गाडी

आमच्या लाल गाडीला दोन दारं होती आणि दोन्ही फक्त आत शिरण्यासाठी होती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्यात घर, रोह्यातच कंपनीत शिफ्ट. तेवढ्यासाठी बायकोने, सुनंदाने, शेजारच्या मास्तरांची विकाऊ पांढरी गाडी पसंत केली होती. चार दारं, किल्ली फिरवली की सुरू!

"गाडी आहे की साबणाचा डबा?" म्हणून मी नाक मुरडलं आणि मुंबईच्या एका हौशी माणसाची जुनी, बुटकी गाडी घेऊन आलो. "शंभरचा वेग असा गाठते!" म्हणत त्याने चुटकी वाजवली होती. (चुटकी मी ऐकली. शंभर कधी दिसले नाहीत.)

गणपतीच्या आदल्या दिवशी पेणहून मूर्ती आणायची होती. घरची रीत कडक: कारखान्यात जो मूर्ती उचलेल त्यानेच ती घरी पाटावर ठेवायची. मध्ये टेकवायची नाही, हात बदलायचा नाही. हा मान माझ्या वडिलांचा, आप्पांचा.

"अहो, आजच्या दिवस मास्तरांची गाडी मागा," सुनंदा म्हणाली.

"आपली दारात असताना? काहीतरीच!"

पेणला आप्पा मूर्ती घेऊन सीटवर बसले ते खाली खाली जातच राहिले. गुडघे हनुवटीला, मध्ये शाडूचे बाप्पा. एक धक्का बसला की सोंड गेली!

वडखळच्या अलीकडे गतिरोधकावर गाडीचं पोट टेकलं. पुढे जाईना, मागे येईना. मी उतरलो, मागे कोंबलेली सुनंदा माझ्या बाजूने कशीबशी बाहेर आली. गाडी ढिम्म!

"आप्पा, जरा उतरता का?"

"कसा उतरू? टेकायला हात मोकळा हाय का? बाप्पाला सोडू?"

"नको, नको!"

मिठागरावरची माणसं जमली. त्यांच्यातले एक काका म्हणाले, "म्हाताऱ्याला बसू दे. आपण गाडीच उचलू!"

आठ जणांनी आप्पा-बाप्पांसकट गाडी उचलली. "मोरया!" गतिरोधक गेला, तरी भरात कोणी थांबेचना. आतून आप्पा ओरडतायत, "अरे, सोंड सांभाळा, सोंड!" तेवढ्यात शेजारून मास्तर मांडीवर गणपती घेऊन हात हलवत गेले. त्यांची पांढरी गाडी मुलगा चालवत होता.

घरी आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी.

"उतरा की हो!"

"उतरता आलं असतं तर वडखळलाच उतरलो असतो गो!"

शेवटी गॅरेजवाल्याने सीटचे बोल्ट सोडले. आप्पा सीटसकट बाहेर आले. आईने सीटसकट ओवाळलं, चौघांनी सीट उचलून थेट पाटासमोर नेली आणि आप्पांनी बाप्पांना बसवलं. सोंड शाबूत! आप्पा इतके हसले की पुन्हा सीटमध्ये रुतले.

विसर्जन झाल्यावर मी मास्तरांकडे गेलो. "ॲव्हरेज सांगू?" त्यांनी विचारलं.

"नको. आप्पांना आत बसवून उतरवून दाखवा."

लाल गाडीलाही गिऱ्हाईक मिळालं. त्याचा पहिलाच प्रश्न, "शंभरने पळते ना?"

"ते मला नका विचारू," मी म्हटलं. "ती सगळ्यात जोरात पळाली तेव्हा आठ जणांच्या हातांवर होती, आणि मी चपला हातात घेऊन मागून धावत होतो!"