आमच्या ह्यांचं पॉलिशचं मशीन

आमच्या ह्यांना कुठलीच गोष्ट हळू करता यायची नाही. जेवायला बसले की मी दुसरी भाकरी तव्यावर टाकेपर्यंत पहिली संपलेली. सायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला सुरुवात. मी दिवसभर 'हळू, हळू' करून कावून जायची आणि हे 'व्हय व्हय' म्हणून तसंच पुढं रेटायचे.

पासष्ट-सहासष्ट साल असेल. हे मिलिटरीच्या गाड्यांच्या वर्कशॉपमधून पेन्शनीत निघून पलूसला घरी आले होते. लग्न झाल्यापासून हे वर्षातनं एकदा रजेवर यायचे आणि मी सासूसासऱ्यांजवळ, शेतात. आता कुठं माणूस घरात दिसायला लागला होता. येताना पुण्याहून गाड्यांना पॉलिश करायचं विजेवरचं मशीन घेऊन आले. हातभर लांब, पुढं मेंढीच्या लोकरीची गोल गादी, गरगर फिरणारी. अंगणात पत्र्याची शेड घातली. धंदा चालला तर इथंच राहायचं, नाही चालला तर पुण्याला ड्रायव्हरची नोकरी धरायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. मला न विचारता, अर्थातच. थकलेली दोन माणसं सोडून मी पुण्याला जाणार कशी? म्हणजे पुन्हा हे तिकडं आणि मी इकडं. त्या मशीनचा मला जेवढा राग यायचा, तेवढंच ते नीट चालावं म्हणून मी देवाला हात जोडायची.

मशीनला वेग कमी-जास्त करायचा खटका-बिटका काही नव्हता. चालू, नाहीतर बंद. वेग ठरवायची ती आमच्या गावची लाईट. उसाच्या मळ्यांत विहिरींवरच्या मोटारी चालू असल्या की घरातला बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा व्हायचा आणि मशीन रडतखडत फिरायचं. मग हे अंगाचा सगळा भार टाकून ते दाबायचे. तेवढ्यात मळेकरी जेवायला म्हणून मोटारी बंद करायचे, बल्ब लख्ख व्हायचा आणि मशीन पिसाळायचं. सरावासाठी आणलेल्या एका जुन्या दारावर ह्यांनी असाच रंग जाळून पत्रा उघडा पाडला. वर मशीनमध्येच खोट आहे म्हणून ते खोलून बसले. अंगणभर स्क्रू. शेवटी बल्बाकडं बोट मी दाखवलं. पटायला वेळ लागला, पण पटलं एकदाचं.

तेव्हापासून आमची पद्धत ठरली. आतल्या खोलीत बल्ब पेटता ठेवायचा, मी उंबऱ्यावर ज्वारी निवडत बसायचं आणि बल्ब मोठा झाला की 'हळू' म्हणून ओरडायचं. मग ह्यांनी हाताचा भार काढायचा, मशीन हलकं धरून एका जागी न थांबवता फिरवत ठेवायचं. येता-जाता बायका हसायच्या, नवऱ्याला कासऱ्यावर धरलाय म्हणायच्या. हसू देत. एक-दोन जीपगाड्या अशा चांगल्या निघाल्या.

मग साताऱ्याहून ह्यांच्या पलटणीतले एक रिटायर झालेले साहेब आपली काळी गाडी घेऊन आले. गाडी मनासारखी झाली तर साताऱ्यातल्या सगळ्या दोस्तांच्या गाड्या इकडं पाठवतो म्हणाले, आणि गाडी ठेवून एसटीनं सांगलीला पाहुण्यांकडं गेले. मला त्या रात्री झोप म्हणून लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टप झाला, दारं झाली, मागची बाजू झाली. असलं काळंभोर चमकत होतं की मी त्यात बघून कुंकू सारखं केलं. राहिलं होतं बॉनेट. पण सकाळपासून आमचं वाजलेलं. चहा सांडला तेव्हा मी हळू म्हणाले होते, डब्यातलं पॉलिश ढवळताना म्हणाले होते, जेवताना तर म्हणालेच होते. बल्ब लख्ख झाला तशी मी ओरडले, "आवं, हळू!"

"व्हय व्हय," म्हणाले आणि आणखी वाकले. तेही बॉनेटच्या कडेला, जिथं रंग मुळातच पातळ असतो तिथं. मी सूप टाकून धावले, बटण बंद केलं, तोवर काळ्या रंगातनं बोटभर करडं अस्तर वर आलं होतं आणि अस्तरातनं पत्रा.

मला वाटलं तू नेहमीसारखंच म्हणतीयास, असं हे म्हणाले. आता ह्याला काय म्हणावं? आपलं डोकं आपटून घ्यावं की ह्यांचं आपटावं, तेच मला कळेना.

संध्याकाळी साहेब आले. ह्यांनी काही लपवलं नाही. सरळ बॉनेटपाशी नेलं, ही सांगत होती, मी ऐकलं नाही म्हणाले. साहेब भला माणूस. रागावले असते तर बरं झालं असतं, पण त्यांना ह्यांची कीव आली. असल्या लाईटच्या भरवशावर खेड्यात हे काम व्हायचं नाही, पुण्यात माझ्या ओळखीत ड्रायव्हरची चांगली जागा आहे, उद्या माझ्याबरोबरच चल, असं त्यांनी सांगितलं. ह्यांनी मान खाली घातली. हे आता हो म्हणणार, हे मला दारातनं स्वच्छ दिसलं.

मी परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी अंगणात उतरले.

"साहेब, गाडी आमी खराब केली. हितंच ठिवा, बॉनेटला नवा रंग लावून दिऊ. पर माणूस न्हाई देणार. लय वर्सं दिला हुता."

हे माझ्याकडं बघतच राहिले. इतकी वर्षं मी एकटीनं कशी काढली, हे मी कधी सांगितलं नव्हतं आणि ह्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"न्हाई जमायचं साहेब," हे म्हणाले. "मी हितंच ऱ्हातो."

साहेबांनी गाडीची किल्ली शेडमधल्या खिळ्याला अडकवली आणि साताऱ्याची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.