गोळ्यांवरची प्रार्थना

मामांचा फोन आला की आधी श्वास येतो आणि मग मामा येतात. दम्याचा माणूस. त्या दिवशी नुसता श्वासच बराच वेळ येत राहिला... मी सवयीनं “पंप घेतला का?” असं विचारून मोकळा झालो. मग ते म्हणाले, “राजू, तुही मामी गेली रे.” अकोल्याच्या दवाखान्यातून बोलत होते. हृदयाचं दुखणं होतं, पण चार दिवसांत घरी सोडतील असं चाललं होतं. खाटेशेजारी आमचा सुनील पास्टर बसून प्रार्थना करत होता, तेवढ्यात ती गेली. मी कारंज्याहून मामांच्या गावच्या एसटीत बसलो आणि शेलूबाजार येईपर्यंत शेजारच्या माणसाशी सोयाबीनच्या भावावर बोलत होतो. दुःखाच्या वेळी काय करायचं असतं, हे मला या वयातही नीट जमत नाही.

आता महिना होत आलाय. मामीबद्दल लिहायचं तर सुनीलबद्दल लिहावंच लागतं.

मामा-मामींचं मालेगावात मंडप डेकोरेशनचं दुकान. नाशिककडचं मालेगाव नव्हे, आमचं वाशीम जिल्ह्यातलं. मामा बांबू रोवायचे, मामी मशीनवर बसून फाटलेलं कापड सांधायची. आमची ख्रिस्ती मंडळी लहान, वीसेक घरं; तेव्हा मीही मालेगावातच राहायचो. त्यात काही वर्षांपूर्वी सुनील आला. पोरसवदा, काडीसारखा, आणि आवाज असा की माईकवाल्याचं भाडं वाचलं. समोर कागद नाही, पुस्तक मिटलेलं, आणि वचनांमागून वचनं तोंडपाठ. तीन संध्याकाळच्या सभा झाल्या, मंडप अर्थातच मामांचा, तेव्हा रस्त्यावरचे मोटारसायकलवालेही गाडी बंद करून ऐकत उभे राहिले. मी गेली अनेक वर्षं प्रवचनात डुलक्या काढणारा माणूस, पण तीनही दिवस जागा होतो. बायकोनं शेजारच्यांना तशी साक्ष दिली.

पण सुनीलचं एक होतं. विश्वास पुरा असला की आजार जातो, आजार राहिला म्हणजे विश्वासात काहीतरी कमी आहे, असं तो सांगायचा. मनापासून सांगायचा, म्हणून तर लोकांना पटायचं. पहिल्या बाकावर बसलेले मामा नेमके अशाच वाक्याला पंप ओढायचे. मुद्दाम नाही, दमच तेव्हा लागायचा.

एका रविवारी उपासना संपल्यावर दानाची थैली रिकामी केली, तर नोटांमध्ये गोळ्यांची दोन पाकिटं निघाली. शुगरच्या गोळ्या. रत्नाबाईच्या. वस्तीतली विधवा बाई, पायाला जखम, ती आधीच भरत नव्हती. तिनं गोळ्या देवाला देऊन टाकल्या होत्या, आणि दोन रविवारांपासून घेतही नव्हती म्हणे. मी तिथल्या तिथं पास्टरला जाब विचारायला बाह्या सरसावल्या. शर्ट हाफ होता, त्यामुळे सरसावायला काही नव्हतं.

मामीनं मला बाजूला ओढलं. “तू उगामुगा बस. चारचौघांत त्याचं तोंड बंद करशीन, मंग रत्नाच्या गोळ्या कोन चालू करन? तिनं मले दारातूनच वापस धाडलं परवा. ते फक्त त्याचंच आइकते. आता सांगीन तं तोच सांगीन.”

“मग त्याला कोण सांगणार?”

“जेवाले बलावते त्याले,” ती म्हणाली. “पोरगं लय गुनाचं हाये. अर्ध्यातच उठलं शिकता शिकता.”

पास्टरला जेवायला घालायची पाळी त्या दिवशी माझी होती, ती मामीनं मागून घेतली. माझी बायको मनातून खूश झाली.

दुकानामागची खोली. बसायला मंडपाच्या घड्या, गुलाबी आणि पिवळ्या. कोंबडीचा रस्सा, भाकरी. सुनीलनं ताटांवर हात धरून डोळे मिटले, तर मामीनं मामांचा पंप आणि स्वतःची बीपीची गोळी आणून ताटाशेजारी ठेवली. “पास्टर, याच्यावर बी करा. आमी रोज करतो.”

“मामी, हे औषध आहे.”

“मंग? भाकरीवर करता ना? ते बी शेतातून आली, गिरनीतून आली. देनारा तं एकच हाये.”

सुनीलचा हात हवेत तसाच राहिला. “पण विश्वास असेल तर औषध कशाला लागतं?”

“विश्वास असन तं भाकर कायले लागते?” मामा म्हणाले, आणि प्रार्थनेची वाट न पाहता पंप ओढला.

मामी हसली नाही. “तुमी सांगता ते खोटं नाही, पास्टर. तो बरं करते, म्या पाह्यलं हाये. पन यायच्या दम्यासाठी लग्न झालं तवापासून मागून राह्यली मी. नाही गेला. तरी मले एकटी असं कधी वाटलं नाही. ज्याले बरं करत नाही त्याच्या घरी बी तो येते, बसते... हे तुमाले कोनी सांगतलं नाही वाटते.”

सुनीलनं हात खाली घेतला. “नाही सांगितलं,” तो म्हणाला.

“मंग आता आइकलं ना. तुमचं वय काय हाये? रस्सा घ्या.”

त्यानं प्रार्थना केली. भाकरीवर, पंपावर आणि गोळीवर. एवढी लहान प्रार्थना त्याच्याकडून मी पहिल्यांदाच ऐकली. जेवण झाल्यावर मामीनं ती पाकिटं त्याच्यापुढं ठेवली आणि कोणाची ते सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. हात धुऊन तो तसाच निघाला. मामी सोबत गेली, आणि न बोलण्याच्या अटीवर मीही.

रत्नाबाई हटून बसली. “देवाले देल्लं वापस घेते काय कोनी?”

“ताई, देवानं ते घेतलं,” सुनील म्हणाला. “आता तोच परत देतोय. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. अर्धवट.” तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग पाणी मागितलं. पुढच्या रविवारी त्यानं हेच सगळ्यांसमोर सांगितलं. मामी तेव्हा चष्मा पुसत होती. तिचं नाव त्यात येऊ नये, असं तिनं त्याला आधीच बजावलं होतं. पायाची जखम भरायला पावसाळा गेला, पण भरली.

मामीच्या मातीला सगळं मालेगाव आलं होतं. रत्नाबाई चालत आली. सुनील उभा राहिला तेव्हा मला धाकधूक होती. तिच्यासाठी त्यानं उपास केले होते, रात्रंदिवस मागितलं होतं. आता हा काय सांगणार? तो म्हणाला, “मी मामींसाठी मागितलं. त्या बऱ्या झाल्या नाहीत.” आणि तो मामांजवळ जाऊन बसला.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. मशीनवर मंडपाचं निळं कापड तसंच आहे, सुई त्यातच रुतलेली. मामा ते काढू देत नाहीत. सुनील डबा घेऊन आला होता. दोघं जेवले, मग घड्यांवर शेजारी शेजारी बसून राहिले. दोन-दोन तास बोलणारा माणूस, पण ऊन उतरेपर्यंत एक शब्द बोलला नाही. मीच तेवढा अधूनमधून पाऊसपाण्याचं काढत होतो.

तो गेल्यावर मामांनी डबा विसळून पालथा घातला आणि म्हणाले, “आज लय चांगलं सांगतलं पास्टरनं.”